बायकांनी बांधलेली दिल्ली

"स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्याच," असे आपल्या चिटणीसबाईंनी सांगितले आणि वर बजावलेही, की पाककृती नको आणि कविता नको, दोन्ही पुष्कळ आल्या आहेत. मी काही इतिहासाची पंडिता नव्हे. परंतु गेली चाळीस वर्षे दिल्लीत संसार केला, आल्यागेल्या पाहुण्यांना दिल्ली दाखवली, आणि ती दाखवता दाखवता थोडीफार वाचली. त्यातलेच चार शब्द भगिनींपुढे ठेवते.

निमित्त घडले ते साहित्य संमेलनाचे. २०२५ च्या फेब्रुवारीत अठ्ठ्याण्णवावे मराठी साहित्य संमेलन आपल्या दिल्लीत भरले. १९५४ नंतर दिल्लीकरांच्या वाट्याला हा योग पुन्हा आला, आणि या खेपेस अध्यक्षस्थानी डॉ. तारा भवाळकर होत्या, याचा आपल्याला किती आनंद झाला हे काय सांगावे! संमेलन भरले तालकटोऱ्याला. १७३७ साली थोरले बाजीराव दिल्लीवर चालून आले तेव्हा त्यांची छावणी त्याच बाजूस पडली होती. त्यामुळे आमच्याकडे उतरलेल्या पाहुण्या तालकटोऱ्यावर निम्म्या खूश झाल्याच होत्या. पाहुण्या म्हणजे सांगलीच्या आमच्या वन्सं आणि त्यांच्या तीन मैत्रिणी. तिन्ही दिवस मंडपात बसून मंडळींचे पाय अवघडले. चौथ्या दिवशी वन्सं म्हणाल्या, "वहिनी, आता दिल्ली दाखव. पण लाल किल्ला, कुतुब, बिर्ला मंदिर हे काही नको हं. ते सगळे शाळेच्या सहलीत पाहून झाले. कुणी नेत नाही असे काहीतरी दाखव."

मी रात्रभर विचार केला. आणि मनात आले, की या शहरात बादशहांनी काय बांधले ते जो तो दाखवतो. बायकांनी काय बांधले ते दाखवावे. हुमायूनची कबर त्याच्या बेगमेच्या देखरेखीखाली उभी राहिली हे हल्ली पुष्कळांना ठाऊक असते. पण त्याखेरीज कितीतरी आहे, आणि ते आपल्या रोजच्या बाजारहाटाच्या वाटेवर आहे. आपण तिथून पिशव्या घेऊन जातो आणि मान वर करून पाहत नाही, इतकेच.

सकाळी प्रथम गेलो ती पुराण्या किल्ल्यासमोर. मुलांना प्राणिसंग्रहालय दाखवायला आपण सगळ्या तिकडे गेलेल्या आहोत. त्याच रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला एक भव्य, पडका दरवाजा दिसतो. त्याच्या आत खैरुल मनाझिल नावाची मशीद आहे आणि तिच्या अंगणाभोवती जुन्या मदरशाच्या खोल्या आहेत. ही बांधवली माहम अनगा या बाईने, १५६१-६२ च्या सुमारास. अनगा म्हणजे दाई. अकबर लहान असताना तिने त्याला सांभाळले, आणि तो गादीवर बसल्यावर काही वर्षे दरबारात तिचा शब्द चालत असे. बैरामखानासारखा मातबर माणूस दूर झाला, त्यात तिचा हात होता. मशिदीच्या कमानीवर दगडात कोरलेला फारसी लेख आहे आणि त्यात तिचे नाव आहे. 'खैरुल मनाझिल' या अक्षरांची बेरीज केली की बांधकामाचे हिजरी साल ९६९ निघते, अशी त्यातली खुबी.

बाई मोठी कर्तबगार, पण शेवट वाईट झाला. तिच्या अधमखान नावाच्या मुलाने १५६२ साली आग्र्यास अकबराच्या वजिराचा खून केला. संतापलेल्या अकबराने त्याला गच्चीवरून खाली फेकवले, आणि एकदा टाकून मेला नाही म्हणून पुन्हा वर आणून टाकवले. मुलाच्या मागोमाग चाळीस दिवसांनी आईही गेली. मेहरोलीत ज्याला लोक भुलभुलैया म्हणतात ती त्याच अधमखानाची कबर. पुढे १५६४ साली अकबर याच मदरशाजवळून जात असताना गच्चीवरून कोणी बाण मारला आणि तो त्याच्या खांद्यात रुतला. वन्संच्या एका मैत्रिणीने विचारले, "म्हणजे ज्या दाईने वाढवले तिच्याच गच्चीवरून?" होय, तिच्याच. ती तोवर वारली होती, एवढेच बरे.

तेथून दर्यागंजला आलो. २०१९ पर्यंत तिथल्या फुटपाथवर रविवारी जुन्या पुस्तकांचा बाजार भरे, तो आता महिला हाटात गेला आहे. पुस्तकांपायी मी तिथे वर्षानुवर्षे जात होते. पण पूर्वेच्या बाजूस दहा मिनिटे चालले की तांबड्या दगडाची, पांढऱ्या घुमटांवर काळे उभे पट्टे असलेली घटा मशीद लागते, हे मला फार उशिरा कळले. पूर्वी यमुना हिच्या पायथ्याशी होती. आता नदी दूर सरकली आणि मध्ये मोठा रस्ता आला. मशिदीचे खरे नाव झीनतुल मसाजिद. बांधणारी झीनतुन्निसा, म्हणजे औरंगजेबाची मुलगी.

हे नाव ऐकताच वन्सं थबकल्या. "म्हणजे शाहूमहाराजांची ती?"

तीच. आपण शाळेत शिकलो आहोत, पण उजळणी करायला हरकत नाही. १६८९ च्या मार्चात संभाजीमहाराजांची हत्या झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात रायगड पडला आणि येसूबाई व सात वर्षांचे शाहूराजे मोगलांच्या हाती सापडले. तेव्हापासून शाहूराजे बादशाही छावणीबरोबर दख्खनभर फिरत राहिले, ते १७०७ पर्यंत. उणीपुरी अठरा वर्षे! औरंगजेबाच्या छावणीतला जनानखाना या झीनतुन्निसेच्या हाती होता. वयाने पन्नाशीकडे झुकलेली, आजन्म अविवाहित राहिलेली, बापाची सेवा करणारी अशी ही बाई. वैऱ्याच्या पोरक्या मुलावर आणि त्याच्या आईवर तिने माया केली. मराठ्यांच्या इतिहासात तिच्या या मायेची नोंद आहे, आणि शाहूमहाराजांनीही ती कधी विसरली नाही.

मला नेहमी वाटते, की आपण बखरीतून तलवारी फार वाचतो आणि अशा गोष्टी एका ओळीत उरकतो. त्या छावणीत एका आईने मुलाला अठरा वर्षे मराठी ठेवले, कोणाचा मुलगा आहेस हे विसरू दिले नाही. तेही शत्रूच्या तंबूत, शत्रूच्या मुलीच्या आधाराने. हे काम एखाद्या किल्ल्याच्या वेढ्यापेक्षा सोपे होते का?

१७०७ साली औरंगजेब मेला. आझमशहाने शाहूराजांना सोडले, पण येसूबाईंना ओलीस म्हणून ठेवून घेतले. त्यांना पुढे दिल्लीस आणले. मुलगा साताऱ्यास छत्रपती झाला आणि आई दिल्लीत कैदेत. असा काळ किती लोटला? आणखी बारा वर्षे. झीनतुन्निसाही बापाच्या पश्चात दिल्लीसच होती. येसूबाई दिल्लीत होत्या तेव्हा ही मशीद नुकतीच उभी राहिलेली, दगड नवाकोरा असेल. तिच्या बांधकामाची एक आख्यायिका सांगतात. लग्नात मला जो हुंडा द्यायचा होता तो रोख द्या, असे मुलीने बापाला सांगितले, आणि त्या पैशातून मशीद बांधली. खरे खोटे देव जाणे. पण हुंड्याचा याहून चांगला उपयोग माझ्या तरी ऐकिवात नाही.

१७१९ साली बाळाजी विश्वनाथ सय्यद बंधूंबरोबर फौज घेऊन दिल्लीस आले. फर्रुखसियर बादशहाला पदच्युत करण्यात आले, त्या गडबडीत शहरात दंगल उसळून आपले कितीतरी लोक मारले गेले. शेवटी स्वराज्याच्या, चौथाईच्या आणि सरदेशमुखीच्या सनदा हाती घेऊन मंडळी परतली. शाळेच्या पुस्तकात त्या सनदांची कलमे आपल्याला पाठ करावी लागत. पण त्याच लवाजम्यात एक पालखीही होती. तीस वर्षांनी येसूबाई मुलाकडे चालल्या होत्या.

झीनतुन्निसा १७२१ साली वारली. तिने आपली कबर मशिदीच्या आवारातच, उत्तरेच्या बाजूस करवून ठेवली होती. ती आज पाहायला मिळत नाही. १८५७ नंतर इंग्रजांनी मशीद लष्करासाठी ताब्यात घेतली, कबर तिथून हलवली, आणि पुढे कित्येक वर्षे त्या जागी पाव भाजले जात. आम्ही पाचजणी अंगणाच्या कडेला उभ्या राहिलो. वन्संनी पिशवीतून शेवंतीची चार फुले काढली. सकाळच्या पूजेतली उरलेली होती. कुठे ठेवावी ते कळेना, तेव्हा भिंतीशी ठेवली. एका वृद्ध गृहस्थाने ते पाहिले आणि काही विचारले नाही.

चांदणी चौकाबद्दल फार लिहीत नाही, तो सर्वांचाच आहे. एवढेच सांगते की तो चौक शहाजहानच्या थोरल्या मुलीने, जहानआराने, १६५० च्या सुमारास आखला. मधोमध कालवा होता आणि तलावात चांदणे पडे, म्हणून ते नाव. आज जिथे जुन्या नगरपालिकेची इमारत आहे तिथे तिने प्रवाशांसाठी सराई बांधली होती. ती पाहून बर्निए हा फ्रेंच प्रवासी म्हणाला की पॅरिसमध्ये अशा इमारती असायला हव्यात. सराई ५७ नंतर पाडली गेली. बेगमेची बाग होती, तिची इंग्रजांनी राणीची बाग केली. तिची स्वतःची कबर निजामुद्दीनला आहे, वर छप्पर नाही आणि माथ्यावर नुसती माती व हिरवळ. पश्चिमेच्या टोकाची फत्तेपुरी मशीद तिच्या सावत्र आईची. हे झाले.

थांबायचे ते भगीरथ पॅलेसपाशी. दिवाळीच्या दिव्यांच्या माळा घ्यायला आपण सगळ्या तिथे जातो आणि दुकानदारांशी घासाघीस करतो. वर पाहिलेत का कधी? विजेच्या तारांच्या जंजाळामागे मोठाले गोऱ्या पद्धतीचे खांब आहेत. ती बेगम समरूची हवेली. ही बाई मूळची कलावंतीण. समरू नावाच्या युरोपियन शिपायाबरोबर तिने संसार केला, आणि १७७८ साली तो मेल्यावर त्याची फौज आणि सरधन्याची जहागीर स्वतः चालवली. पगडी घालून दरबारात बसे, हुक्का ओढे, आणि पलटणींचा पगार चुकता करी. तो काळ असा की पगार चुकता करणारा सरदार विरळाच. आपल्याशी तिचा संबंध असा, की १८०३ साली जालन्याजवळ असईला शिंदे आणि इंग्रज यांची जी लढाई झाली, तीत तिच्या पलटणी शिंद्यांच्या बाजूस होत्या. शिंदे हरले, आणि बाईने वारा ओळखून इंग्रजांशी जुळवून घेतले. कोणी तिला संधिसाधू म्हणेल. मी म्हणणार नाही. तिच्यापाठी भाऊ नाही, मुलगा नाही. अशा बाईने चारी बाजूंच्या लांडग्यांतून १८३६ पर्यंत आपली जहागीर टिकवली, हे सोपे नव्हे. हवेली पुढे बँकेकडे गेली, ५७ साली तिथे बँकेचा इंग्रज व्यवस्थापक कुटुंबासह मारला गेला, आणि नंतर ती भगीरथमल शेटजींच्या हाती आली. हवेलीला त्यांचे नाव राहिले, तिचे गेले.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा सारा लेख लिहिला तिच्याकडे येते.

चावडी बाजार आपल्याला लग्नपत्रिकांसाठी माहीत. 'चावडी' हा शब्दही मराठीच आणि आपल्या लोकांमागोमाग दिल्लीत आला, असे पुष्कळजण सांगतात. तिथल्या मेट्रोतून वर आले की हौज काझीचा चौक लागतो. त्याच्या पुढे लाल कुव्याच्या बाजारात, दुकानांच्या डोक्यावर, तीन घुमटांची एक लहानशी तांबडी मशीद आहे. मला ती शोधून काढायची होती. मी एका पितळेच्या दुकानदाराला विचारले, "भाईसाहब, मुबारक बेगम की मस्जिद किधर पड़ेगी?" त्याला समजले नाही. दुसऱ्याला विचारले, त्यालाही नाही. तिसऱ्याच्या मात्र लक्षात आले, आणि तो हसला व शेजाऱ्याला म्हणाला, "अरे, ये लोग वो पूछ रही हैं," आणि मशिदीचे प्रचलित नाव उच्चारले. ते नाव मी या पानावर लिहिणार नाही. बाजारातल्या बाईला जी शिवी देतात तिच्यापुढे 'मस्जिद' हा शब्द लावला आहे, इतके सांगितले म्हणजे पुरे. आमच्यातल्या एकीचे तोंड कानापर्यंत लाल झाले. वन्सं मात्र शांतपणे त्याला म्हणाल्या, "हाँ, वही. मगर उनका नाम मुबारक बेगम था।"

कोण ही मुबारक? ती पुण्याकडची. ब्राह्मणाच्या घरची मुलगी, विकली गेली, कलावंतीण म्हणून दिल्लीस पोहोचली, असे जुन्या नोंदी सांगतात. दिल्लीत इंग्रजांचा पहिला रेसिडेंट ऑक्टरलोनी याच्या घरी ती आली. हा साहेब हिंदुस्थानी पोशाख करी, हुक्का ओढी, आणि लोक त्याला 'लूनी अख्तर' म्हणत. त्याच्या तेरा बायका रोज संध्याकाळी तेरा हत्तींवरून फिरायला निघत, ही गोष्ट रंगवून रंगवून सांगतात. मला त्या हत्तींत गोडी नाही. त्या तेरांतली एक आपल्या पुण्याची होती, आणि घरातली सूत्रे तिच्या हाती होती, हे मला महत्त्वाचे वाटते. ती वकिलांकडून नजराणे घेई, खिलती देई, स्वतःला लेडी ऑक्टरलोनी म्हणवी. त्यामुळे इंग्रज चिडत. आणि कुदसिया बेगम म्हणवी, त्यामुळे मोगल चिडत. मशीद १८२२-२३ सालची. बाजारच्या लोकांनी तिला ते नाव ठेवले आणि दोनशे वर्षे चालवले.

१८२५ साली ऑक्टरलोनी मेरठेस मेला. त्याच्या स्मरणार्थ कलकत्त्यास मैदानावर उंच मनोरा उभारला, तो आज शहीद मिनार म्हणून ओळखला जातो. मुबारकने पुढे एका मोगल सरदाराशी लग्न केले आणि ५७ च्या धामधुमीत तो इंग्रजांविरुद्ध लढला. ती स्वतः १८७८ पर्यंत जगली. 'मुबारक' हे तर धर्मांतरानंतरचे नाव. पुण्यात आईने तिला कोणत्या नावाने हाक मारली, ते त्या नोंदींत नाही. ती सोनी होती की गंगी होती की सगुणा, कुणी लिहून ठेवण्याची तसदी घेतली नाही.

जुलै २०२० मध्ये मोठा पाऊस झाला आणि मशिदीचा एक घुमट कोसळला. तेव्हा वर्तमानपत्रांत बातमी आली आणि बरेच दिवसांनी तिचे खरे नाव छापले गेले. घुमट पडला म्हणून नाव आठवले! आम्ही जिन्याच्या तोंडाशी उभ्या होतो तेव्हा एक बुरखा घेतलेली तरुण मुलगी शाळेतून भावाला घेऊन चालली होती. तिला विचारले, तर ती म्हणाली, "मुबारक बेगमची ना? आमच्या बाईंनी सांगितले आहे. दुसरे नाव घ्यायचे नाही." वन्संनी तिच्या हातावर लाडू ठेवला.

पुढच्या सहलीला मंडळातर्फे कश्मीरी दरवाज्यापलीकडची कुदसिया बाग पाहण्याचे घाटत आहे. बसतळाने तिचा मोठा भाग खाल्ला असला तरी दरवाजा आणि मशीद उरली आहे. ती १७४८ सुमाराची, अहमदशहा बादशहाची आई ऊधमबाई हिने केलेली. तिच्याबाबत एक गोष्ट आधीच सांगून ठेवते, म्हणजे तिथे गेल्यावर कोणाला धक्का बसू नये. १७५४ साली वजीर इमादने त्या मायलेकांना पदच्युत केले आणि दोघांचेही डोळे फोडण्यात आले. त्या वेळी इमादच्या पाठीशी उभ्या असलेल्या फौजा रघुनाथरावांच्या मोहिमेतल्या, मल्हारराव होळकरांच्या, म्हणजे आपल्या होत्या. पानिपतावर आपण रडतो ते योग्यच, पण दिल्लीच्या एका आईच्या वाट्याला जे आले त्यात आपलाही वाटा होता, तोही वाचून यावे. तुर्कमान दरवाज्याजवळच्या गल्लीत रझिया सुलतानाची म्हणून दाखवतात ती कबरही त्याच दिवशी होईल. तिथला रस्ता अरुंद आहे, तेव्हा जाड चपला घालून याव्यात.

मशिदींत जाताना डोक्यावर पदर घ्यावा आणि शुक्रवारची दुपार टाळावी. ज्या भगिनींना यायचे असेल त्यांनी चिटणीसबाईंकडे नाव द्यावे. खर्च मेट्रोचा आणि रिक्षाचा. डबा ज्याचा त्याने आणावा. वन्संनी सांगलीहून कळवले आहे, की त्या दिवशी त्याही येणार आहेत आणि लाडू जास्त करून आणतील, कारण त्या मुलीचा भाऊ मागे राहिला होता.